वऱ्हाडी कादंबरीचा अभ्यास गावच्या वाचनालयातून होईल का?

प्रश्न थोडक्यात असा: दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातली विद्यार्थिनी मराठीत एम.ए. करते आहे. वऱ्हाडी बोलीतल्या ग्रामीण कादंबऱ्यांवर तिला प्रबंधिका लिहायची आहे. गावच्या वाचनालयात तीन कपाटं आहेत, हातात मोबाईल आहे, आणि मार्गदर्शक म्हणतात, "पुण्याला जाऊन आल्याशिवाय काही होणार नाही." पुण्याला न जाता काय काय करता येईल, असं तिने विचारलं आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या वाचनालयात माझी नोकरीची उमर गेली. त्या आधाराने हे उत्तर लिहितो आहे.

ताई, पुण्याला कदाचित जावं लागेल, पण ते शेवटी. सुरुवात त्या तीन कपाटांपासून करा. हे तुमची समजूत काढायला म्हणत नाही. तुमच्या विषयाला लागणारं सगळ्यांत दुर्मीळ साहित्य मोठ्या शहरांत सापडतच नाही. एखाद्या मास्तरने पदरमोड करून जिल्ह्याच्या छापखान्यात छापून घेतलेला कथासंग्रह, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, तालुक्यातल्या साहित्य संमेलनाची पुस्तिका, दोन-चार वर्षं चालून बंद पडलेल्या मासिकाचे सुटे अंक, हे सगळं मी त्यात धरतो. 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रकाशकाने पुस्तकाच्या प्रती कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली इथल्या ठरवून दिलेल्या ग्रंथालयांना पाठवायला हव्यात. स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणाऱ्या शेतकऱ्याला किंवा मास्तरला हा कायदा बहुधा ठाऊकच नसतो. तो पहिल्या प्रती आणून देतो आपल्या वाचनालयाला, त्यावर सही करून, "सप्रेम भेट" लिहून. ती प्रत तिथून गेली की गेलीच.

म्हणून कपाट उघडण्याआधी दाखल रजिस्टर मागा. वाचनालयात आलेलं प्रत्येक पुस्तक त्यात क्रमाने नोंदवलेलं असतं: दाखल क्रमांक, तारीख, लेखक, नाव, प्रकाशक, साल, किंमत, कुठून आलं, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेलं वाचनालय अ, ब, क, ड यांपैकी कोणत्याही वर्गातलं असो, अनुदानाच्या तपासणीत हे रजिस्टर दाखवावंच लागतं. त्यामुळे बाकी काही नीट नसलं तरी हे बहुतेक ठिकाणी सापडतं. माझ्या मते खेड्यातल्या वाचनालयातला सगळ्यांत मोलाचा ग्रंथ हाच, आणि अभ्यासक तो उघडत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

त्यातून काय मिळतं ते सांगतो. पहिलं, कपाटात आज नसलेली पुस्तकं. शेऱ्याच्या रकान्यात "बाद", "गहाळ", "जीर्ण" असं लिहिलेलं दिसेल. पुस्तक गेलं, पण ते होतं, कोणत्या साली आलं, कोणी छापलं हे उरलं. एखाद्या स्थानिक लेखकाचं नाव तुम्हाला फक्त इथेच भेटू शकतं. दुसरं, देणग्या. सलग क्रमांकांवर एकाच माणसाचं नाव दिसलं, तर तो वारल्यानंतर त्याच्या घरचा संग्रह वाचनालयात आला असं समजा. असा माणूस बहुधा जुन्या काळचा शिक्षक, वकील नाहीतर पाटील असतो, आणि त्याच्या संग्रहात त्या काळची मासिकं बाइंड केलेली असतात. त्याच्या घरच्यांना जाऊन भेटा. वाचनालयाला दिलं त्याहून अधिक कधीकधी माळ्यावर असतं. तिसरं, गाव काय वाचत होतं याचा पुरावा. ग्रामीण कादंबरीवर लिहिताना "ही कादंबरी ग्रामीण वाचकापर्यंत पोचली" असं वाक्य सगळेच लिहितात. तुम्ही मात्र सांगू शकाल की अमुक कादंबरी प्रकाशित झाली त्या साली आपल्या वाचनालयात आली की वीस वर्षांनी आली. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेल्या तारीख-चिठ्ठीवरचे शिक्के मोजले तर ती किती वेळा घरोघर गेली हेही कळेल. असा पुरावा पुण्याच्या कोणत्याच ग्रंथालयात बसून मिळायचा नाही.

उदाहरणाला उद्धव शेळक्यांची 'धग' घ्या. 1960 सालची ही कादंबरी तुमच्या यादीत असणारच, कारण तिचे संवाद वऱ्हाडीत आहेत. दारव्हा, दिग्रस, आर्णी, नेर या चार तालुक्यांच्या ठिकाणची दाखल रजिस्टरं पाहून ती कुठे कधी आली, कोणत्या आवृत्तीची आली, एवढं जरी टिपलंत तरी प्रबंधिकेतलं एक स्वतंत्र प्रकरण उभं राहील.

आता कपाटाकडे. लहान वाचनालयांत पुस्तकं बहुधा दाखल क्रमांकानेच लावलेली असतात किंवा "कादंबरी", "कथा", "धार्मिक" अशा ढोबळ गटांत. तालुका-जिल्ह्याच्या मोठ्या वाचनालयांत ड्युईची दशांश पद्धत असते. तिथे मराठी साहित्याचा आकडा 891.46, कविता 891.461, नाटक 891.462, कादंबरी-कथा 891.463, निबंध 891.464. फक्त 891.463 जवळ उभं राहू नका. बोलीवरचं पुस्तक भाषाशास्त्राकडे म्हणजे 400 च्या रांगेत जातं, लोकगीतांचं 398 कडे, आणि गावाचा इतिहास 954 कडे. तुमचा विषय एकाच रांगेत बसत नाही, म्हणून रांगेने फिरा.

ग्रंथपालाशी बोलण्याबद्दल दोन शब्द. खेड्यातला ग्रंथपाल तुटपुंज्या मानधनावर काम करतो, बहुतेकदा त्याला वावरही असतं. मृगाच्या पेरणीत किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत तो दुपारी भेटला नाही तर राग धरू नका, सकाळ-संध्याकाळच्या वेळेतच जा. त्याला "वऱ्हाडी साहित्यावर काही आहे का?" असं विचारलंत तर तो प्रामाणिकपणे "नाही" म्हणेल, कारण असा गट त्याच्या कपाटात नाही. त्याऐवजी कागदावर लिहून न्या: "1950 ते 1980 मध्ये छापलेली, अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, नागपूर इथल्या प्रकाशकांची पुस्तकं." मग तो रजिस्टरातला प्रकाशकाचा रकाना बघून काढून देईल. दिवाळी अंकांचं वेगळं विचारा. 1909 साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून मराठीतलं कितीतरी लेखन आधी दिवाळी अंकात आणि मग पुस्तकात आलं आहे. लहान वाचनालयांत जुने दिवाळी अंक रजिस्टरावर चढत नाहीत, पोटमाळ्यावर गठ्ठे पडलेले असतात आणि एखाद्या वर्षी रद्दीत जातात. ते रद्दीत जाण्याआधी तुम्ही बघितले पाहिजेत. शक्य असेल तर अनुक्रमणिकेच्या पानांचे फोटो काढून ठेवा, त्यातून पुढच्या अभ्यासकालाही आधार होईल.

दुसरा टप्पा जिल्ह्याचा. यवतमाळला नगर वाचनालय आहे, शासकीय जिल्हा ग्रंथालय आहे. तिथे कादंबऱ्या मागायला जाऊ नका, संदर्भ विभागात बसायला जा. ही पुस्तकं घरी देत नाहीत, म्हणून दिवस मोकळा ठेवून डबा घेऊन जा. पहिला विश्वकोश काढा. वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाचे 20 खंड आहेत. मजकूर आता मोबाईलवरही वाचता येतो. बरेच जण नोंद वाचून थांबतात, पण तुमच्या कामाचं खरं साहित्य नोंदीच्या शेवटी, "संदर्भ" या यादीत असतं. ती उतरवून घ्या. केतकरांचा ज्ञानकोश जुना झाला असला तरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा वऱ्हाड समजायला अजून उपयोगी आहे. व्यक्तींसाठी सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचा अर्वाचीन चरित्रकोश, चालीरीतींसाठी महादेवशास्त्री जोशींच्या संस्कृतिकोशाचे 10 खंड.

आणि शंकर गणेश दात्यांची 'मराठी ग्रंथसूची'. एका माणसाने चिकाटीने केलेलं हे काम पाहून मी आजही थक्क होतो. पहिल्या भागात 1800 ते 1937, दुसऱ्यात 1938 ते 1950 या काळातली मराठी पुस्तकं विषयवार नोंदवली आहेत. तुमच्या कादंबऱ्या 1950 नंतरच्या आहेत, तरीही ही सूची बघायलाच हवी. वऱ्हाडातल्या लेखकांनी त्याआधी काय लिहिलं होतं, ग्रामीण जीवनावर कोण लिहीत होतं, हे माहीत नसेल तर "पहिली वऱ्हाडी कादंबरी" असं विधान करताना पाय घसरतो.

इथे एक गोष्ट सांगतो, जी पुण्या-मुंबईच्या मार्गदर्शकांच्या लक्षात येतेच असं नाही. विदर्भ 1956 पर्यंत मुंबई प्रांतात नव्हता. वऱ्हाड 1853 पासून निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं, 1903 मध्ये मध्यप्रांताला जोडलं गेलं, आणि आपलं सरकार नागपुरात होतं. म्हणून 1956 आधीचे सरकारी अहवाल, जिल्ह्यांची वर्णनं, मुद्रणाच्या नोंदी शोधताना मुंबई इलाख्यात हुडकून हाती काही लागत नाही. "मध्यप्रांत आणि वऱ्हाड" असं शोधा. जिल्ह्यांची नावंही बदलली आहेत. तुमचा दारव्हा तालुका 1905 पर्यंत वणी जिल्ह्यात होता, आणि जुन्या इंग्रजी ग्रंथांत त्याचा उच्चार "वून" असा छापलेला आहे. यवतमाळचं "येवतमाळ", अमरावतीचं "उमरावती", चंद्रपूरचं "चांदा". वाशीम 1905 मध्ये मोडून पुन्हा 1998 मध्ये जिल्हा झाला, त्यामुळे मधल्या काळातलं सगळं अकोल्याखाली आहे. गडचिरोली 1982 आधी चंद्रपुरात, गोंदिया 1999 आधी भंडाऱ्यात. शोधताना ही नावं घातली नाहीत तर पुस्तक समोर असूनही सापडत नाही.

तुमच्या विषयाचा गाभा बोली आहे, तेव्हा त्यावर थोडं जास्त लिहितो. वऱ्हाडीचे नमुने जुन्या काळचे हवे असतील तर ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड बघा, 1905 सालचा. तो सगळा मराठीवर आहे आणि त्यात वऱ्हाडी, नागपुरी, हळबी अशा बोलींचे उतारे आहेत. प्रत्येक बोलीत एकच बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट सांगून घेतली असल्यामुळे तुलना सोपी जाते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची वऱ्हाडी वाक्यं, 'धग'मधले संवाद आणि आज तुमच्या आजीचं बोलणं, ही तीन शेजारी ठेवा. क्रियापदांची रूपं काय टिकली, काय गेलं, हे तुम्ही कानाने ओळखाल. पुण्यातल्या अभ्यासकाला त्यासाठी माणूस शोधावा लागेल. शब्दांसाठी दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश काढा, सात खंड आणि पुरवणी. त्यात शब्दापुढे कंसात प्रांताची खूण असते, वऱ्हाडीसाठी "व.", नागपुरीसाठी "ना.". खुणांची यादी सुरुवातीला दिलेली आहे, ती आधी वाचून घ्या. मोल्सवर्थचा 1857 चा कोश आणि दाते-कर्वे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशिया डिजिटल संग्रहात मोफत शोधता येतात. कादंबरीतला एखादा शब्द कोशात नसेल तर ती तुमची नोंद. अशा शब्दांची यादी अर्थासकट परिशिष्टात द्या.

पूर्व विदर्भातली झाडीबोली आपल्यापेक्षा वेगळी आहे, तिला "वऱ्हाडी" म्हणून गोळा करू नका. तिकडे झाडीपट्टी रंगभूमीचं मोठं विश्व आहे, वडशाला नाट्यमंडळ्यांची केंद्रं आहेत, पण ती नाटकं वाचनालयात क्वचितच पोचतात. तो वेगळा विषय झाला.

आवृत्ती नेहमी तपासा. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या रिद्धपूरशी जोडलेलं लीळाचरित्र याचं ठळक उदाहरण. ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते या तिघांची संपादनं वेगवेगळी आहेत. कोलत्यांचं 1978 मध्ये साहित्य संस्कृती मंडळाने काढलं. लीळांचा क्रम, पाठ, भाषा यांत फरक आहेत. "लीळाचरित्रात म्हटलं आहे" एवढं लिहून भागत नाही. कादंबऱ्यांचंही तसंच. नंतरच्या आवृत्तीत लेखक किंवा प्रकाशक बोलीतल्या शब्दांचं लेखन बदलतात, आणि तुम्ही बोलीचा अभ्यास करताय. पहिली आवृत्ती मिळेल तिथून मिळवा, दुसरीशी ताडून बघा.

परीक्षणं शोधण्यासाठी मासिकं लागतील. कादंबरी निघाल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांचे अंक चाळा: विदर्भ साहित्य संघाचं 'युगवाणी', मुंबईचं 'सत्यकथा' (ते 1982 मध्ये बंद झालं), आणि वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्या. नागपूरचा 'तरुण भारत', जिथे ग. त्र्यं. माडखोलकर संपादक होते, आणि अकोल्याचा 'मातृभूमी' यांच्या जुन्या फाइली कोणत्या ग्रंथालयात आहेत हे आधी फोनवर विचारून मगच एसटी पकडा. विदर्भ साहित्य संघाची स्थापना 1923 ची, त्यामुळे नागपूरला जायचंच झालं तर त्यांच्या ग्रंथालयापासून सुरू करा. संमेलनांच्या स्मरणिकाही विसरू नका. यवतमाळला 1973 मध्ये गदिमांच्या अध्यक्षतेखाली आणि 2019 मध्ये अरुणा ढेऱ्यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय संमेलन झालं. अशा वेळी निघालेल्या स्मरणिकांत जिल्ह्यातल्या लेखकांवर लेख असतात, जे पुढे कुठेच पुस्तकात येत नाहीत.

मोबाईलवर काय बघायचं ते थोडक्यात. साहित्य संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर त्यांची पुष्कळ पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या मराठी पुस्तकांच्या हजारो छायाप्रती आहेत. तिथे नाव देवनागरीत शोधा, मग रोमन लिपीत निरनिराळ्या स्पेलिंगने शोधा, कारण नोंदी करणाऱ्यांनी कसंही लिहिलं आहे. पुस्तकाच्या आतला मराठी मजकूर शोधण्यावर विसंबू नका, तो पुष्कळदा चुकीचा वाचला जातो. शोधगंगावर विद्यापीठांचे प्रबंध आहेत. अमरावती, नागपूर, गोंडवाना या तिन्ही विद्यापीठांखाली बघा. प्रबंध आधी शेवटून उघडा, संदर्भसूची वाचा, आणि त्यातलं प्रत्येक पुस्तक स्वतः पाहिल्याशिवाय आपल्या सूचीत घेऊ नका. एकाची चूक दुसऱ्याने, दुसऱ्याची तिसऱ्याने उतरवलेली मी कितीदा बघितली आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं स्वामित्वहक्क असतो, म्हणून हयात लेखकांच्या कादंबऱ्यांच्या फुकट फिरणाऱ्या फायली घेऊ नका. वऱ्हाडात लिहिणाऱ्या माणसाला पुस्तकातून मुळातच फार थोडे पैसे मिळतात.

टिपणं काढताना दर पुस्तकाची पहिली ओळ अशी लिहा: वाचनालयाचं नाव, दाखल क्रमांक, आवृत्ती, साल. फोटो काढत असाल तर आधी मुखपृष्ठ आणि मागचं श्रेयपान, मग हवी ती पानं. नाहीतर महिन्याभराने मोबाईलमध्ये दोनशे पानं असतात आणि कोणतं कशातलं ते कळत नाही. जुन्या बाइंडिंगचं पुस्तक पूर्ण सपाट उघडू नका, कणा मोडतो. आपल्याकडे उधई आणि उन्हाळा दोन्ही कागदाचे वैरी आहेत. पान तुटायच्या बेतात असेल तर ग्रंथपालाला सांगा, स्वतः चिकटपट्टी लावू नका.

हे सगळं केल्यावर तुमच्याकडे एक यादी शिल्लक राहील: जी पुस्तकं आणि अंक तालुक्यात नाहीत, यवतमाळला नाहीत, अमरावती-नागपूरला फोन करून नाहीत, मोबाईलवर नाहीत. ती यादी घेऊन तुमच्या ग्रंथपालाला जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे पत्र द्यायला सांगा. औपचारिक आंतरग्रंथालय देवघेव आपल्याकडे फारशी चालत नाही, पण एका ग्रंथपालाने दुसऱ्याला फोन केला की पुस्तक मिळण्याची शक्यता पुष्कळ वाढते. तरीही जे उरेल त्यासाठी पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांना पुस्तकाचं नाव, साल आणि हवी ती पानं लिहून आधी पत्र किंवा मेल पाठवा. काही ठिकाणी पानांच्या प्रती पोस्टाने मिळतात. त्यांचं उत्तर आल्यावर, कोणत्या दिवशी कोणता अंक टेबलावर काढून ठेवतील हे पक्कं झाल्यावर तिकीट काढा. मार्चमध्ये मात्र जाऊ नका. वर्षअखेरच्या हिशेबांमुळे अनेक वाचनालयांत त्या महिन्यात संदर्भाचं काम मागे पडतं.